पाठीवरचे पाणी : हायड्रेशन बॅगेची निवड आणि वापर

पश्चिम विदर्भात पायी फिरणाऱ्याला पिण्याचे पाणी बरोबर घेऊनच निघावे लागते, कारण या भागात डोळ्यांना दिसणारे पाणी पिण्याजोगे असेलच असे नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला असून तेथील विहिरी आणि कूपनलिकांचे पाणी क्षारयुक्त आहे. दक्षिणेला लोणारच्या सरोवरात पाणी साठलेले असते, परंतु ते खारट आणि तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे तहानेल्या माणसाच्या काहीच कामाचे नाही. आणि या दोहोंच्या मध्ये, मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रमाच्या परिसरात, पावसाळ्यात भरून वाहणारे कित्येक ओढे-नाले उन्हाळा लागताच कोरडे पडतात. शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमामुळे ओळखल्या जाणाऱ्या या गावापासून लोणारचे सरोवर, ज्ञानगंगेचे जंगल आणि शेगावच्या पालखीची परतीची वाट ही तिन्ही ठिकाणे आवाक्यात आहेत, आणि या प्रत्येक ठिकाणी पाणी वाहून नेण्याचा प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो.

या प्रश्नावर अलीकडे रूढ होत असलेले साधन म्हणजे हायड्रेशन बॅग, अर्थात पाण्याची लवचीक पिशवी आत बसवलेली आणि नळीने चालता चालता पाणी पिता येईल अशी पाठीवरची सॅक. ती विकत घेताना बहुतेकांचे लक्ष ती किती लिटरची आहे याकडेच असते. वास्तविक तिचे खरे मोल वेळेवर घोट घेण्याची सोय करून देण्यात आहे, आणि ही सोय निवड, भरणी, वापर आणि स्वच्छता या चारही गोष्टी नीट सांभाळल्या तरच पदरात पडते.

रचना आणि तिचे प्रयोजन

हायड्रेशन बॅगेचे चार भाग असतात. पहिला भाग म्हणजे पाण्याची पिशवी, जिला गिर्यारोहक सर्रास ‘ब्लॅडर’ म्हणतात. दुसरा भाग म्हणजे पिशवीच्या तळाशी जोडलेली आणि खांद्यावरून तोंडापर्यंत येणारी नळी. तिसरा भाग म्हणजे नळीच्या टोकाला बसवलेला, दातांनी दाबल्यावर उघडणारा आणि सोडल्यावर आपोआप मिटणारा रबरी झडप-तोटा, म्हणजेच ‘बाइट व्हॉल्व्ह’. आणि चौथा भाग म्हणजे हे सर्व सांभाळणारी सॅक, जिच्या आत पाठीला लागून ब्लॅडरसाठी स्वतंत्र कप्पा असतो. कातडी पखालीतून पाणी वाहण्याची परंपरा महाराष्ट्राला जुनीच आहे; नव्या साधनात भर पडली ती नळीची. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील टेक्सास राज्यात, भर उन्हाळ्यात होणाऱ्या शंभर मैलांच्या सायकल स्पर्धेत, मायकल आयडसन या रुग्णवाहिका सेवेतील कर्मचाऱ्याने सलाइनची पिशवी पाण्याने भरून लांब मोज्यात घातली, ती पाठीवर अडकवली आणि तिची नळी खांद्यावरून पुढे घेतली. त्यातूनच पुढे ‘कॅमलबॅक’ या नावाने अशा बॅगांचे उत्पादन सुरू झाले.

ही नळी महत्त्वाची ठरते ती शरीराच्या एका मर्यादेमुळे. उन्हात कष्ट करताना घामावाटे पाणी जितक्या वेगाने जाते तितक्या वेगाने तहान जाणवत नाही, त्यामुळे केवळ तहानेच्या भरवशावर राहणारा माणूस बहुधा गरजेपेक्षा कमी पाणी पितो. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के इतके पाणी कमी झाले की दमसास आणि एकाग्रता यांवर परिणाम दिसू लागतो. ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ही तूट अवघ्या १.२ लिटरची असते. बाटली सॅकच्या तळाशी असली की ती काढण्यासाठी थांबावे लागते, थांबले की मागे पडण्याची धास्ती वाटते, आणि पाणी पिणे पुढच्या वळणावर ढकलले जाते. नळी खांद्यावर असली की ही टाळाटाळ करण्याचे कारणच उरत नाही.

गरजेचा अंदाज

पाण्याची गरज ऊन, चढ, चालण्याचा वेग, वजन आणि उन्हाची सवय यांनुसार बदलत असल्याने सर्वांना लागू पडेल असा एकच आकडा सांगता येत नाही. तरीही हवा सुखद असताना मध्यम चालीसाठी ताशी अर्धा लिटर, आणि कडक उन्हात किंवा चढावर ताशी पाऊण ते एक लिटर हा अंदाज सुरुवातीला धरण्यास हरकत नाही. याहून नेमका अंदाज प्रत्येकाला स्वतःच काढता येतो : तासभर चालण्यापूर्वी आणि चालल्यानंतर, घामाचे कपडे उतरवून, एकाच काट्यावर वजन करावे आणि जितके वजन घटले असेल त्यात त्या तासात प्यालेले पाणी मिळवावे, आलेली बेरीज म्हणजे त्या हवामानात त्या व्यक्तीला एका तासात येणारा घाम होय. मात्र अशी मोजणी डिसेंबरात करून ठेवली असेल तर ती एप्रिलमध्ये उपयोगी पडत नाही, म्हणून ऋतू पालटला की ती नव्याने करणे आवश्यक ठरते.

पाण्याचे वजन लिटरला एक किलो असते, आणि निवडीची खरी ओढाताण येथूनच सुरू होते. तीन लिटर पाणी, रिकाम्या सॅकचे वजन, भाकरी-ठेच्याची शिदोरी, टोपी, औषधे आणि टॉर्च मिळून पाच किलोंचा भार सहज होतो. एका दिवसाच्या भ्रमंतीसाठी पाठीवरचे एकूण ओझे शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवणे सुखावह असते; त्यामुळे ३० किलोच्या शाळकरी मुलाच्या पाठीवर दीड लिटरपेक्षा मोठे ब्लॅडर देऊ नये आणि त्याच्या वाट्याचे उरलेले पाणी बरोबरच्या मोठ्या माणसाने उचलावे. बाजारात साधारणपणे दीड, दोन आणि तीन लिटरची ब्लॅडर मिळतात. तासा-दोन तासांची सायकलफेरी किंवा धाव यांसाठी दीड लिटर पुरेसे असून अर्ध्या दिवसाच्या हिवाळी भटकंतीस दोन लिटर चालते. उन्हाळ्यातील किंवा पूर्ण दिवसाच्या भ्रमंतीस मात्र तीन लिटरचे ब्लॅडर घेणे योग्य, कारण मोठे ब्लॅडर गरजेनुसार अर्धे भरता येते, पण लहान ब्लॅडरमध्ये मापाबाहेर पाणी मावत नाही.

लोणारचे उलटे गणित

सह्याद्रीतील किल्ल्यांवर जाणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेले पाण्याचे नियोजन लोणारला जसेच्या तसे लागू होत नाही. किल्ल्यावर सकाळच्या गारव्यात चढ पार पडतो आणि परतीला उतार असतो. लोणारला नेमके याच्या उलट घडते. बेसाल्ट खडकात उल्कापाताने तयार झालेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून काठापासून तळापर्यंतची खोली सुमारे १३७ मीटर आहे, म्हणजे कमळजा देवीच्या मंदिराकडे जाणारा माणूस सकाळी ताज्या दमाने खाली उतरतो, तळाशी रेंगाळतो आणि ऊन चढल्यावर, थकलेल्या पायांनी, वर चढू लागतो. ज्या वेळी पाण्याची गरज सर्वाधिक असते त्याच वेळी ब्लॅडर रिकामे होत आलेले असते, आणि समोर पसरलेल्या सरोवराचा सामू १० च्या आसपास असल्याने त्यातील पाणी तोंडाला लावता येत नाही. २०२० च्या जून महिन्यात हे पाणी गुलाबी झाले ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे, यावरूनही त्यातील क्षारांच्या प्रमाणाची कल्पना यावी.

म्हणून लोणारसाठी तीन लिटर पाणी नेल्यास उतरताना आणि तळाशी फिरताना मिळून दीड लिटरच्या आत राहावे, चढाईसाठी एक लिटर राखावे आणि उरलेला अर्धा लिटर ब्लॅडरमध्ये न भरता वेगळ्या बाटलीत बंद ठेवावा. ब्लॅडर पाठीवर असल्याने त्यात किती पाणी उरले आहे हे दिसत नाही, आणि अखेरचा घोट ओढल्यावरच ते संपल्याचे कळते, हा या साधनातील सर्वांत मोठा दोष आहे. स्वतंत्र बाटली हे त्यावरचे साधे आणि खात्रीचे उत्तर होय. तळाशी पोहोचल्यावर सॅक उतरवून, ब्लॅडर बाहेर काढून, त्यावरील खुणांशी पाण्याची पातळी एकदा पाहून घेण्याचा नियमही पाळावा, आणि पातळी निम्म्याखाली गेली असेल तर पुढचा फेरा रद्द करून परतीची वाट धरावी. विवराच्या काठाजवळील ‘धार’ या झऱ्याचे पाणी गोडे असले तरी तेथे भाविक स्नान करतात, म्हणून निर्जंतुक केल्याशिवाय ते ब्लॅडरमध्ये भरू नये. लोणारचे सरोवर अभयारण्य असून २०२० मध्ये त्याचा रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, समावेश झाला आहे. पाठीवरून पाणी नेणाऱ्याला प्लास्टिकच्या बाटल्या विकत घेऊन तेथे टाकण्याची वेळ येत नाही, हाही या साधनाचा एक मोठा लाभ आहे.

निवडताना पाहण्याच्या गोष्टी

पहिली पाहणी ब्लॅडरच्या पदार्थाची करावी. चांगली ब्लॅडर बहुधा थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, संक्षेपाने टीपीयू, या लवचीक आणि मजबूत प्लास्टिकची असतात. अन्नपदार्थांसाठी सुरक्षित आणि बिस्फेनॉल-ए विरहित असा स्पष्ट उल्लेख वेष्टनावर असावा, आणि उग्र रासायनिक वास येणारी, कोणतीही माहिती नसलेली पिशवी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

दुसरी पाहणी तोंडाची. ब्लॅडरची तोंडे प्रामुख्याने दोन प्रकारची असतात : एकात फिरकीचे गोल झाकण असते, तर दुसऱ्यात पिशवीची संपूर्ण वरची कड उघडते, ती दुमडून त्यावर सरकती पट्टी बसवावी लागते. गोल झाकणाचे ब्लॅडर एका हाताने धरून नळाखाली किंवा हापशीखाली भरता येते, परंतु त्याच्या कोपऱ्यांपर्यंत हात पोहोचत नाही. पूर्ण उघडणारे ब्लॅडर आतून घासता येते आणि उलटे करून लवकर वाळवता येते, मात्र ते भरताना दोन हात लागतात. ज्यांना वाटेत वारंवार पाणी भरावे लागते त्यांनी पहिला प्रकार घ्यावा, आणि घरून भरून निघणाऱ्यांनी दुसरा.

तिसरी पाहणी नळीची. ती पिशवीपासून खटक्याने सुटी करता यावी, म्हणजे भरलेल्या सॅकमधून ती ओढून न काढता केवळ ब्लॅडर बाहेर घेता येते. झडपेला बंद करण्याची कळ आणि धूळ अडवणारे टोपण असावे, कारण सॅक जमिनीवर टेकवली की तोटा सर्वांत आधी मातीत लोळतो. आणि झडप व नळी सुटी विकत मिळतात का, याची चौकशी करूनच बॅग घ्यावी. विदर्भाच्या उन्हात नळीतील पाणी काही मिनिटांतच कोमट होते, म्हणून नळीवर उष्णतारोधक आवरण असल्यास उत्तम.

चौथी आणि सर्वांत दुर्लक्षित पाहणी पाठीच्या मापाची. मान पुढे झुकवल्यावर तिच्या मुळाशी जो मणका बोटाला ठळकपणे लागतो, तेथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंतचे अंतर शिंप्याच्या टेपने मोजावे. हे पाठीचे माप होय, आणि उंची सारखी असलेल्या दोन माणसांत ते वेगळे असू शकते. सॅकची पाठ या मापापेक्षा लांब असली तर ती कमरेखाली लोंबते आणि प्रत्येक पावलाला मागे ओढते. दुकानात रिकामी सॅक अडकवून समाधान मानू नये. तीत दोन-तीन किलो वजन घालून, छातीचा आणि कमरेचा पट्टा आवळून, दहा-पंधरा मिनिटे चालावे, वाकावे, हात वर करावेत, आणि खांद्याचे पट्टे मानेला किंवा काखेत काचत असतील तर ती सॅक बाजूला ठेवावी. स्त्रियांसाठी खांद्याचे पट्टे अधिक वळणदार आणि छातीचा पट्टा वर-खाली सरकवता येणारा असलेली रचना सोयीची पडते. धावणाऱ्यांनी अंगाला जाकिटासारखी बसणारी बॅग घ्यावी, कारण साधी सॅक धावताना पाठीवर आदळत राहते.

भरण्याची आणि बांधण्याची रीत

नवे ब्लॅडर प्रथम कोमट पाण्याने धुऊन, काठोकाठ भरून, रात्रभर कोरड्या कागदावर आडवे ठेवावे. कागद ओला झाला तर शिवण गळकी आहे असे समजून ते परत करावे. उकळते पाणी ब्लॅडरमध्ये ओतू नये, बर्फाचे तुकडे मात्र चालतात. भरून झाल्यावर तोंड घट्ट बंद करावे, ब्लॅडर उलटे धरून आतली हवा नळीच्या बाजूला आणावी आणि ती तोट्यातून ओढून काढावी. हवा उरली की चालताना पाणी डचमळत राहते, त्याचा आवाज येतो आणि पाठीवरचा तोलही ढळतो.

सॅक भरण्याचाही एक क्रम आहे. प्रथम भरलेले ब्लॅडर त्याच्या कप्प्यात, वरच्या आकड्याला टांगून, पाठीलगत ठेवावे, कारण सर्वांत जड वस्तू पाठीला चिकटून राहिली तर कमरेवर ताण कमी येतो. त्यानंतर कपडे आणि शिदोरी ठेवावी, आणि चाकू किंवा स्टीलच्या डब्याची धारदार कड ब्लॅडरच्या बाजूला येणार नाही याची काळजी घ्यावी. मोबाइल, औषधे आणि कागदपत्रे वेगळ्या बंद प्लास्टिक पिशवीत घालावीत, कारण खटका नीट बसला नसेल तर सॅकमध्ये पाणी झिरपल्याचे बऱ्याच उशिरा कळते.

पिण्याची शिस्त

उन्हात कष्ट करणाऱ्यांसाठी व्यावसायिक आरोग्याचे तज्ज्ञ दर १५ ते २० मिनिटांनी सुमारे एक पेला, म्हणजे २०० ते २५० मिलिलिटर, पाणी पिण्याची शिफारस करतात, आणि त्याच वेळी तासाला दीड लिटरच्या पुढे जाऊ नये असा इशाराही देतात. हा इशारा महत्त्वाचा आहे, कारण घामातून मीठही जाते, आणि ते भरून न काढता नुसते पाणी भरमसाट प्यायल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेली मनःस्थिती ही त्याची लक्षणे उष्माघातासारखीच भासतात. दोन-तीन तासांपेक्षा अधिक चालायचे असल्यास पाण्याबरोबर खारे शेंगदाणे, फुटाणे, लोणचे-भाकरी असे खारट खाणे सुरू ठेवावे. नळी हाताशी असल्याने अनेकजण सतत चघळल्यासारखे पाणी ओढत राहतात आणि वाट निम्मी सरायच्या आत साठा संपवतात. घड्याळ पाहून, ठरावीक अंतराने, चार-पाच पूर्ण घोट घेणे हीच योग्य पद्धत होय. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर पाणी पुरेसे मिळत आहे असे समजावे, आणि तो गडद होऊ लागला तर थांबून, सावलीत बसून, पाणी प्यावे.

लिंबू सरबत, ताक किंवा क्षारसंजीवनी ब्लॅडरमध्ये भरू नये. साखर आणि दुधाचे अंश नळीत चिकटून राहतात आणि उष्णतेत त्यावर जंतू झपाट्याने वाढतात; ही पेये वेगळ्या बाटलीत घ्यावीत. क्षारसंजीवनीची जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणातील पुडी एक लिटर पाण्यात मिसळायची असते, ती अर्ध्या पेल्यात विरघळवणे घातक आहे. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ हे प्रमाण वापरता येते. उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मीठ, साखर आणि पाणी यांचे प्रमाण आधीच डॉक्टरांना विचारून ठरवावे.

नळीतील कोमट पाणी टाळण्यासाठी घोट घेतल्यावर नळीत फुंकून उरलेले पाणी मागे ढकलण्याची युक्ती सांगितली जाते. ती उपयोगी आहे, परंतु तिच्यामुळे तोंडातील जंतू ब्लॅडरमध्ये जातात, म्हणून ही युक्ती वापरणाऱ्याने ब्लॅडर त्याच दिवशी धुवावे आणि आपला तोटा दुसऱ्याच्या तोंडी देऊ नये.

वाटेत पाणी भरताना

विहीर, ओढा, किल्ल्यावरील टाके किंवा हिवरा आश्रमाजवळील कोराडी प्रकल्पासारखा जलाशय यांतील पाणी कितीही नितळ दिसले तरी प्रक्रिया केल्याविना पिऊ नये. उकळणे हा सर्वांत खात्रीचा उपाय असून पाण्याला खळखळून उकळी आल्यावर ते एक मिनिट तसेच उकळू द्यावे. क्लोरीनच्या गोळ्या वापरायच्या असल्यास गढूळ पाणी आधी सुती कापडाच्या अनेक पदरांतून गाळावे, गोळी टाकल्यावर किमान अर्धा तास थांबावे आणि नळी व तोट्यातूनही ते पाणी थोडे वाहू द्यावे. नळीला जोडता येणारी बारीक छिद्रांची गाळणी जिवाणू आणि परजीवी अडवते, परंतु बहुतेक विषाणू तिच्यातून पार होतात. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की विरघळलेले क्षार, नायट्रेट आणि शेतातून वाहून आलेली कीटकनाशके यांपैकी काहीही या गाळणीने किंवा क्लोरीनने दूर होत नाही, आणि उकळल्याने तर क्षारांचे प्रमाण वाढतेच. त्यामुळे खारपाणपट्ट्यातील विहिरीचे किंवा सोयाबीन-कपाशीच्या शेताला लागून वाहणाऱ्या नाल्याचे पाणी गाळणीच्या भरवशावर भरणे चुकीचे ठरते.

बुलढाणा आणि खामगाव यांच्या दरम्यान पसरलेल्या, १९९७ मध्ये घोषित झालेल्या सुमारे २०५ चौरस किलोमीटरच्या ज्ञानगंगा अभयारण्यात आणखी एक नियम कसोशीने पाळावा लागतो. उन्हाळ्यात बिबटे, अस्वले आणि हरणे मोजक्या पाणवठ्यांवर अवलंबून असतात; २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला रेडिओ-कॉलरधारी वाघदेखील शेकडो किलोमीटर चालून याच जंगलात पोहोचला होता. तहान भागवायला माणूस पाणवठ्यावर गेला तर तो प्राण्यांचा हक्क हिरावतो आणि स्वतःचा जीवही धोक्यात घालतो. वन विभागाच्या परवानगीने आणि ठरवून दिलेल्या मार्गानेच जंगलात जावे, आणि जाताना परतीपर्यंतचे संपूर्ण पाणी पाठीवर असावे.

पालखी, उत्सव आणि शेत

शेगावची गजानन महाराजांची पालखी आषाढी वारीनंतर परतताना लोणार, मेहकर, जानेफळ या मार्गाने येते, आणि तिच्याबरोबर चालणाऱ्यांना गावोगावी पाणी मिळत असल्याने मोठ्या ब्लॅडरची गरज नसते. एक ते दीड लिटर पुरेसे होते. येथे खरी काळजी पाण्याच्या शुद्धतेची घ्यावी लागते, कारण हे दिवस पावसाळ्याचे असतात आणि जलजन्य आजार याच दिवसांत फैलावतात. क्लोरीनच्या गोळ्या जवळ बाळगाव्यात आणि सॅकवर पावसाळी आवरण असावे. जानेवारीत हिवरा आश्रमात होणाऱ्या विवेकानंद जन्मोत्सवात पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद वाढण्यासाठी जे स्वयंसेवक उन्हात तासन्‌तास पंगतींमधून फिरतात, त्यांनाही दोन्ही हात मोकळे ठेवणारी लहान बॅग उपयोगी पडेल.

शेतात मात्र या साधनाला एक ठाम मर्यादा आहे. पेरणी, खुरपणी, सोंगणी या कामांत ते निर्धोक वापरता येते, परंतु फवारणी करताना ते अंगावर असता कामा नये. पाठीवरच्या पंपातून उडणारे औषध उघड्या तोट्यावर बसते आणि पुढच्या घोटाबरोबर पोटात जाते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, ती दुर्घटना विदर्भाला विसरता येणारी नाही. फवारणी करणाऱ्याचे पाणी शेताबाहेर, झाकून, वाऱ्याच्या उलट दिशेला ठेवावे आणि हात-तोंड साबणाने धुऊनच प्यावे.

स्वच्छता आणि साठवण

ओलसर, बंद आणि उबदार जागा जंतूंना आणि बुरशीला पोषक असते, आणि वापरून कोपऱ्यात टाकलेले ब्लॅडर ही नेमकी तशीच जागा होय. आतल्या पृष्ठभागावर जंतूंचा जो बुळबुळीत थर साचतो तो नुसते पाणी खळबळल्याने निघत नाही, त्याला घासावेच लागते. प्रत्येक वापरानंतर ब्लॅडर कोमट पाणी आणि भांड्याच्या सौम्य साबणाने आतून घासावे, लांब दांड्याच्या बारीक ब्रशने नळी साफ करावी, आणि झडप काढून तिच्या चिरेतील घाण बोटांनी दाबून धुवावी, कारण सर्वांत जास्त घाण तेथेच साठते. महिन्यातून एकदा, किंवा वास येऊ लागल्यास, एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा विरघळवून ते द्रावण नळीसह अर्धा तास भरून ठेवावे आणि नंतर तीन-चार वेळा खळबळून काढावे.

वाळवताना ब्लॅडरच्या आत स्वच्छ लाकडी पळी किंवा उलथणे उभे घालून दोन्ही भिंती एकमेकींपासून वेगळ्या ठेवाव्यात, तोंड खाली करून ते सावलीत टांगावे, आणि नळी सरळ लोंबती ठेवावी, म्हणजे तिच्यात थेंब अडकत नाहीत. कडक उन्हात वाळवल्यास प्लास्टिक ठिसूळ होते. पूर्ण वाळल्याची खात्री होईपर्यंत तोंड बंद करू नये. नळीच्या आत काळे ठिपके दिसू लागले आणि ते ब्रशने निघत नसले तर नळी बदलावी. आरोग्यापुढे तिची किंमत नगण्य आहे.

साधनाची मर्यादा ओळखणे

पाठीवर पाणी असल्याचा दिलासा भर दुपारी उन्हात चालण्याचे धाडस वाढवतो, आणि तेथेच घात होतो. शरीर ज्या वेगाने तापते त्या वेगाने ते निववण्याचे काम पाणी एकटे करू शकत नाही. विशेषतः हवेत दमटपणा असताना घाम वाळत नाही, मग पोटात पाणी असूनही शरीराचे तापमान वाढत राहते. म्हणून मार्च ते जून या काळात पहाटे निघून अकराच्या आत मुक्कामी यावे, बारा ते चार सावलीत काढावेत, आणि उन्हाची सवय नसलेल्याने एक ते दोन आठवडे दररोज थोडे थोडे चालून शरीर सरावू द्यावे. बरोबरचा माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला, त्याचे अंग तापले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजून त्याला ताबडतोब सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात नळी कदापि देऊ नये, कारण पाणी श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो. अशा वेळी ब्लॅडरमधील पाण्याचा उपयोग पिण्यापेक्षा त्याचे अंग निववण्यासाठी करावा, आणि राखीव अर्धा लिटर अखेरपर्यंत वाचवण्याचे हेही आणखी एक कारण आहे.

खरेदीपूर्वी स्वतःला विचारायचे प्रश्न थोडकेच आहेत : चालणे किती तासांचे आणि कोणत्या ऋतूतले, चढ आरंभी आहे की शेवटी, वाटेत पिण्याजोगे पाणी मिळणार आहे की नाही, आणि घरी परतल्यावर ब्लॅडर धुऊन वाळवण्याची शिस्त पाळली जाणार आहे की नाही. पहिल्या तिन्हींची उत्तरे मिळाली की योग्य माप आणि प्रकार आपोआप ठरतो. चौथ्याचे उत्तर नकारार्थी असेल तर स्टीलची रुंद तोंडाची बाटली घेऊन दर वीस मिनिटांनी थांबून पाणी पिणे हाच अधिक निर्धोक मार्ग आहे, कारण अस्वच्छ ब्लॅडरमधील पाण्याने आजारी पडण्यापेक्षा स्वच्छ बाटलीसाठी दोन मिनिटे थांबलेले केव्हाही चांगले.